पाणचक्कीची खालची तळी

मी एक जुनी दगडी तळी आहे. ओढ्याकाठच्या पाणचक्कीतली खालची. मित्रांनो, पाण्याच्या जोरावर वरची तळी फिरते, खालची जागेवर घट्ट बसते आणि धान्य दोघींच्या मधून दळले जाते.

आम्ही दोघी एकाच खडकातून घडलो. चक्कीवाल्याने टाकीने आमच्यावर खाचा पाडल्या, त्या कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींना छेदत. पण दळण आणणारी माणसे म्हणत, "वरची काय भिंगरीसारखी फिरते!" माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. माझा नुसता जळफळाट होई.

एकदा चक्कीवाल्याची बायको म्हणाली, "अहो, वरचीलाच किती गोंजाराल? खालचीलाही टाकी लावा, बोथट झालीय."

"लावतो गं, ती कुठे पळून जातेय!"

पुढे हमरस्त्यावर विजेची गिरणी आली. आमची चक्की थांबली. वरचीला भिंतीशी जपून ठेवले; मला उपडी घालून दाराची पायरी केली. हळूहळू वस्ती ओस पडली आणि पुराच्या गाळाने सारे झाकले.

अनेक वर्षांनी उत्खनन करणाऱ्या बाई मदतनिसासह आल्या. वरची सापडताच तो ओरडला, "बाई, ही तर महाराणी!" पलीकडच्या काठावरच्या चक्कीतली एक खालची तळीही मिळाली होती. व्यास जुळला म्हणून त्यांनी वरचीला तिच्यावर बसवले. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची गाडी येणार होती. आयुष्यभर वरचीचा हेवा केला; आता त्या परकीचाही करू लागले! मी मात्र पायरीच राहणार होते.

बाईंनी मूठभर गहू टाकून वरची हाताने फिरवली. दाणे मध्येच अडकले.

"खाचा उलट्या आहेत. त्या चक्कीचं चाक उलट्या दिशेला फिरत असणार. ही हिची जोडीदार नव्हे."

"मग हिची गेली कुठे?"

"एवढा घडीव दगड कोण टाकून देईल? कुठेतरी वापरला असेल. सगळे दगड उलटून बघा."

"बाई, तुम्ही उभ्या आहात तोसुद्धा?"

बाई चटकन खाली उतरल्या. पहारीने मला उलटवले, खाचांतली माती ब्रशने झाडली आणि वरचीला माझ्यावर ठेवले. या वेळी कडेने सगळीकडून पीठ झरू लागले. मदतनीस वरचीला शाबासकी देऊ लागला. बाईंचा हात मात्र माझ्या कडेवर होता.

आता आम्ही संग्रहालयात आहोत. मित्रांनो, जुना दगड दिसला तर त्याला टाकाऊ समजू नका. तो उलटून बघा, स्वच्छ करा, जपा. आणि इथे आलात तर थोडे वाकून आधी मला पाहा. वरचीकडे सवडीने पाहिलेत तरी चालेल.