न फसफसलेलं पीप

मी एक जुनी लाकडी शेड आहे. नॉर्वेच्या पश्चिमेला, फ्योर्डपासून, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीपासून, वर चढत गेलं की डोंगराच्या कुशीत गुन्वर नावाची एक म्हातारी राहते. तिच्या परसात मी उभी आहे. मला नाव नाही. घराला नाव आहे, गोठ्याला आहे, एवढंच काय, बांधावरच्या थोरल्या धोंड्यालाही आहे. माझा विषय निघाला की म्हणतात, "ती मागची." असो. नाव नसल्यानं कोणी पडत नाही. मी बासष्ट हिवाळे उभी आहे. नाववाल्या गोठ्याचं छप्पर दोनदा उडालेलं याच डोळ्यांनी पाहिलं आहे.

मित्रांनो, मला गुन्वरच्या सासऱ्यानं बांधलं, तेही उरलेल्या फळ्यांतून. उरल्यासुरल्याची आहे म्हणून मला लाज नाही. त्यानं माझ्या फटींत शेवाळ दाबून भरलं, जमिनीला वाळू पसरली आणि माझ्यात बटाटे ठेवले. एकदा मार्चमध्ये दार उघडून तो म्हणाला, "हिच्यातल्या बटाट्याला मोड येत नाही. शहाणी आहे ही." माझं एवढंच कौतुक झालं. ते मी आजवर पुरवून पुरवून वापरते आहे.

मग बटाटे विकतचे येऊ लागले. गाई गेल्या. माणसाला जे टाकवत नाही आणि वापरवतही नाही, ते माझ्यात येऊन पडू लागलं. मोडकी घसरगाडी, दुधाच्या किटल्या, फाटकी जाळी. गुन्वरचा नवरा स्यूर वारला तेव्हा त्याचे बर्फावरचे बूटही माझ्यात आले. ते ठेवून तिनं दार ओढलं, आणि अकरा वर्षं उघडलं नाही.

अकरा वर्षं म्हणजे काय, ते बंद दाराला विचारा. उंदीरसुद्धा गेले. खाण्यासारखं काही नसलं की उंदीर नातं ठेवत नाहीत.

आता स्यूरच्या मयताचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिनसलं. आमच्या खोऱ्यात नाताळ असो, लग्न असो, मयत असो, बिअर घरचीच लागते. गुन्वर आणि स्यूर ती ओढ्याकाठच्या चूलघरात करत. मयताची बिअर गुन्वरनं एकटीनं केली. माणसं माझ्यासमोर परसात उभी राहून वाडग्यानं पीत होती. पलीकडच्या काठावरची उड्नी, गुन्वरची लहानपणापासूनची मैत्रीण, एक घोट घेऊन म्हणाली, "ह्या खेपेला जरा पातळच झालीय गं."

आमच्याकडे मयताची बिअर पातळ म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसालाच पातळ म्हणणं. गुन्वरनं तिच्या हातातलं वाडगं घेतलं, गवतावर पालथं केलं आणि रिकामं परत दिलं. झालं. मध्ये एक ओढा, दोन्ही काठांवर दोन म्हाताऱ्या, आणि अकरा वर्षं चकार शब्द नाही. त्याच हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला आणि चूलघर घेऊन गेला. जागाही उरली नाही आणि कारणही, म्हणून गुन्वरनं बिअर करणंही सोडलं.

यंदा ऑक्टोबरात तिनं माझं दार उघडलं. गंजलेल्या बिजागऱ्या अशा किंचाळल्या की माझी मलाच शरम वाटली. गुन्वर शहात्तर वर्षांची झाली होती. कमरेतून वाकली होती, जिभेतून नाही. एका हातात फोन होता, पलीकडे बर्गन शहरात राहणारा तिचा मुलगा. तिनं आत डोकावून पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "पुडी? विकतच्या पुडीतलं विरजण कुठल्या सासूचं असतं रे?"

हे तुम्हाला समजायला हवं. बिअरलाही विरजण लागतं. गवताच्या काड्यांची चुंबळ करतात, ती फसफसत्या बिअरमध्ये बुडवतात, वाळवतात आणि माळ्यावर टांगतात. पुढच्या खेपेला तीच चुंबळ नव्या पिपात. गुन्वरच्या घरातली चुंबळ तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली. ते वाळलेलं विरजण वर्षानुवर्षं झोपून राहतं. पण झोपलेल्याला कधीतरी उठवावं लागतं, नाहीतर झोपेतच जातं. गुन्वरला तीच धास्ती होती. आपल्यामागे ती चुंबळ कोणी ओळखणार नाही, केर म्हणून चुलीत घालतील. म्हणून या नाताळाला बिअर करायचीच, आणि चूलघर नाही तर माझ्यात.

ऐकलंत ना? माझ्यात!

यूस्टाइन सुतार आला. त्यानं माझ्या भिंतीवर टकटक केली, जमीन टाचेनं दाबून पाहिली आणि म्हणाला, "गुन्वर, हिच्यापेक्षा नवी बांधणं सोपं जाईल."

"तुझ्यापेक्षा नवा सुतार आणणंही सोपं गेलं असतं. आणला का मी?"

तो कामाला लागला. माझ्या पोटातलं सगळं बाहेर काढलं. कुजक्या फळ्या उपटल्या, ओढ्याचे सपाट दगड बसवले, पाणी वाहून जायला चर काढला. गोठ्याची खिडकी काढून मला लावली. मग छपराला भोक पाडून धुराडं घातलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्यांदा चूल पेटली आणि माझ्यातून धूर वर गेला, तेव्हा मी घरासारखी दिसले असणार. बघायला कोणी नव्हतं, एवढंच.

जाताना यूस्टाइननं खिशातून थर्मामीटर काढला. "हा ठेव. माझी बायको मुरंब्याला वापरते."

"मुरंब्याला लागत असेल. मला बोट आहे."

त्यानं तो परत खिशात घातला. तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती?

बिअरचा दिवस उजाडला. जुनिपर नावाच्या झुडपाच्या काटेरी फांद्या तांब्याच्या हंड्यात उकळल्या. पिपाच्या तळाशीही त्याच फांद्या अंथरल्या, वर मोड आणून वाळवलेला, भरडलेला सातू. त्यावर कढत पाणी. खालच्या तोटीतून तांबूस, गोड रस थेंबथेंब गळू लागला. त्या वासानं माझी फळी न् फळी जागी झाली. गुन्वर स्वतःशीच बडबडत होती, मध्येच स्यूरला रागावत होती, "फांद्या आखूड तोडल्यास, नेहमीसारख्या." फांद्या तिनंच तोडल्या होत्या.

तेव्हाच मला एक गोष्ट खटकली. हंड्याची तापलेली कडी तिनं फडक्याशिवाय धरली. माणूस अशा वेळी 'आई गं' म्हणतं. ती काहीच म्हणाली नाही.

विरजण घालायची वेळ नाजूक असते. रस धारोष्ण दुधाइतका कोमट हवा. फार कढत असला तर विरजण भाजून मरतं. तिनं रसात बोट बुडवलं. वर वाफ होती, बरीच वाफ. मला दिसत होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. "कोमट," गुन्वर म्हणाली.

रीत अशी की अर्धी चुंबळ मागे ठेवायची. पण अकरा वर्षांचं झोपलेलं विरजण, अर्ध्यानं भागेल की नाही, म्हणून तिनं अख्खी सोडली. आणि मग ओरडली.

तीही रीतच आहे. विरजण पिपात पडताना करणाऱ्यानं छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकायची. आरोळी जितकी मोठी तितकी बिअर कडक. शिवाय खोऱ्याला वर्दी जाते. जो ऐकेल त्यानं तिसऱ्या दिवशी आपलं वाडगं घेऊन यायचं, बोलावणं लागत नाही. गुन्वर दारात उभी राहून अशी ओरडली की समोरच्या कड्यानं तीनदा परत दिली. त्यानंतर काही नाही. आमच्या खोऱ्यात आता बहुतेक घरं उन्हाळ्यापुरती आहेत. पडदे ओढलेले. आरोळीचा अर्थ कळणारे कान किती उरलेत, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तिनं पिपाला कान लावला. जागं झालेलं पीप तव्यावरच्या तेलासारखं चुरचुरतं. हे गप्प होतं. तिनं गोधड्या गुंडाळल्या, वर स्यूरचा जाड कोट घातला, चुलीत लाकडं सारली. संध्याकाळी डाव भरून चाखलं. गोड. नुसतं गोड. चुंबळ बाहेर काढली तर काड्या शिजलेल्या शेवयांसारख्या लोंबत होत्या.

तिनं खिडकीशी जाऊन हात उजेडात धरला. रसात बुडवलेल्या बोटावर टपोरा फोड आला होता. तो तिला दिसला, पण दुखला नव्हता. गुन्वर उलट्या बादलीवर बसली, आणि दुसऱ्या हातानं तो फोड दाबून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुलूप घेऊन आली. कोणी आलंच तर तब्येत बरी नव्हती म्हणायचं आणि मला बंद करायचं. पुन्हा कधी उघडलं असतं का? मला नाही वाटत. कडी लावली, कुलूप अडकवलं, एवढ्यात ओढ्यावरच्या फळकुटावर काठीचा आवाज आला. उड्नी येत होती. दुसऱ्या हातात वाडगं.

"आरोळी तूच ठोकलीस ना?"

"मग काय गाईनं? गाई राहिल्यात का मला?"

"मला वाटलं, पडलीस. मग म्हटलं, पडलेली बाई एवढा दम कुठून आणेल."

"आणि पडले असते तर? तिसऱ्या दिवशी उगवलीस ती!"

"रोज सकाळी धुराडं बघत होते. पडलेली बाई चूल पेटवत नाही," उड्नी म्हणाली. "कुलूप काढ. चढ चढून आलेय मी."

काय सांगू मित्रांनो, मला वाटत होतं माझ्याकडे कोणीच बघत नाही.

गुन्वरनं कुलूप काढलं. उड्नीनं वाडगं भरून घेतलं, एक घोट घेतला, दुसरा घेतला. माझ्या फळ्या आवळल्या.

"म्हण," गुन्वर म्हणाली. "पातळ आहे म्हण."

"पातळ कसली? ही बिअरच नाही गं. शिरा पितेय असं वाटतंय." उड्नीनं वाडगं खाली ठेवलं. "किती कढत होतं?"

खोटं सांगायला गुन्वरला कोणी अडवलं नव्हतं. विरजण जुनं होतं म्हणाली असती तर ते खपलंही असतं. पण तिनं ते फोडाचं बोट पुढे केलं. "ह्याला कळत नाही आता. गरम, गार, काहीच कळत नाही. दोन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही."

उड्नीनं ते बोट आपल्या तळहातावर घेतलं. मग म्हणाली, "माझ्याकडचं विरजण मागू नकोस. माझंही गेलं, बुरशी आली. एकटीसाठी कोण करत बसतं?"

"मग माझ्याकडे मागायला का नाही आलीस? विरजणाला नाही म्हणत नाहीत."

"दिलं असतंस?"

गुन्वरनं विचार केला. "दिलं असतं. जरा उभं ठेवून दिलं असतं."

उड्नी हसली. गुन्वर हसली नाही, पण बादली ओढून तिला बसायला दिली.

विरजण मात्र गेलं. सासूच्या सासूचं, दोन्ही काठांवरचं, गेलं ते गेलं. त्याला उतारा नाही, आणि मी खोटा दिलासा देणाऱ्यांतली नाही. त्या दोघींनी गोड रस बादल्यांत भरला. त्याचा पाव चांगला होतो. वाकत, थांबत, एकमेकींच्या चालण्याला नावं ठेवत त्या घराकडे गेल्या. मी पुन्हा एकटी. पीप रिकामं, चुलीत थोडी धग, दार उघडंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी बोटांना आता कळेनासं झालं असेल. ती माणसं आपणहून सांगणार नाहीत, अभिमान आडवा येतो. त्यांची चूक व्हायची वाट पाहू नका. जवळ जाऊन उभे राहा, आणि आधी आपलं बोट बुडवा.

त्या दुपारी खोऱ्यातून वारा सुटला. त्यानं माझं दार तीनदा ढकललं. मी बिजागऱ्या घट्ट धरल्या आणि ते लागू दिलं नाही.