कानशीचे सात हात

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे आणि या घडीला माझी गोळ्यांची सहाही घरे रिकामी आहेत. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका मेंढ्यांच्या रँचवर, कुलपाच्या लोखंडी कपाटात मी राहतो. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे. चूक दुसऱ्याची होती असे म्हणता येईल, आणि बरेच दिवस मी मनाशी तसेच म्हणत होतो. पण गोळी माझ्या नळीतून गेली, ते काही पुसता येत नाही.

माझ्या नळीच्या टोकाला एक लोखंडी उंचवटा आहे, त्याला माशी म्हणतात, आणि मागे एक खाच. खाचेतून माशी पाहायची आणि नेम धरायचा. आजकालच्या रिव्हॉल्व्हरांना बारीक स्क्रू असतात. ते फिरवले की नेम वर-खाली सरकतो. माझी माशी माझ्या अंगाचीच आहे, ती हलत नाही. म्हणून मला वळवता येत नाही. माझ्या स्वभावाला मानवेल असे काडतूस शोधावे लागते. माझ्या पहिल्या मालकाला एवढा धीर नव्हता. दुकानातले काडतूस घातले की मी नेमाच्या चार बोटे खाली मारायचो. "हट्टी आहे मेला," म्हणून त्याने मला काढून टाकले, आणि मी एमेटच्या घरी आलो.

एमेट काडतुसे स्वतःच भरायचा. तळघरात त्याचे लाकडी टेबल होते. त्यावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दाबायचे यंत्र, बंदुकीची दारू तोलायचा नाजूक काटा आणि शिशाच्या गोळ्यांचे डबे. दर शनिवारी सकाळी मेंढ्यांचे दाणापाणी उरकले की तो मला घेऊन ट्रॅक्टरपाशी जायचा. जुन्या जीन पँटचा एक पाय कापून, त्यात वाळू भरून त्याने उशी केली होती. ती ट्रॅक्टरवर ठेवून, तीवर हात टेकून, पंचवीस पावलांवरच्या कागदी ताटलीवर तो सहा गोळ्या झाडायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नियम. कधी गोळीचे वजन, कधी दारूचे माप. ताटलीवर तारीख लिहायची आणि पुन्हा तळघरात.

असे तीन हिवाळे गेले. त्याची बायको लॉर्ना त्याला चिडवायची, "एका लोखंडाच्या तुकड्याचा स्वभाव कळायला तीन वर्षं? माझा तर तुला दोन महिन्यांत कळला होता."

"तुझा अजून कुठं कळलाय? हा निदान रोज तरी बदलत नाही."

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला सापडले. दुकानातल्यासारखी हलकी गोळी माझ्या नळीतून झटकन निसटते आणि खाली लागते. जड गोळी जरा रेंगाळते. तेवढ्यात मी हातात उसळतो आणि ती वर लागते. जड शिसे आणि बेताची दारू, असे ते जमले. त्या दिवशी ताटलीवरची सहाही भोके पेल्याच्या बुडाखाली झाकली गेली, आणि ती बरोबर जिथे पाहिले होते तिथेच होती. एमेटने ती ताटली स्वयंपाकघरात टांगली. ती काडतुसे कॉफीच्या लाल डब्यात भरली आणि लॉर्नाला म्हणाला, "हा डबा आणि हा रिव्हॉल्व्हर. तू बघशील तिथं लागणार. शंका घ्यायची नाही."

मित्रांनो, कोणी आपल्यासाठी तीन वर्षे घालवावीत, याहून मोठा मान कोणता? तो मान मला राखता आला नाही.

एका शरद ऋतूत एमेटच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि लॉर्नाही त्याच्याबरोबर शहरात राहिली. रँच पाहायला त्यांचा जावई ड्वेन आला. माणूस कामाचा, पण स्वस्थ बसणे त्याला ठाऊक नाही. दार कुरकुरले की तेल, खुर्ची डुगडुगली की खिळा. कुंपणापाशी खडखड्या साप निघाला तेव्हा त्याने मला घेतले आणि दुकानातली काडतुसे भरली. लाल डब्याला सासऱ्याच्या धाकाने हात लावला नाही. अर्थात मी खाली मारले. साप बिळात गेला आणि ड्वेन कानस शोधायला गेला.

माशी घासून बुटकी केली की गोळी वर लागते. त्याने एक हात मारला, गोळी झाडून पाहिली. पुन्हा एक हात, पुन्हा गोळी. सात हातांत दुकानातले काडतूस नेमावर आले. चकाकी दिसू नये म्हणून त्याने तिथे काळा रंग चोळला आणि म्हणाला, "आता कसा शहाण्यासारखा वागतोयस."

खरे सांगू? मला आवडले. आयुष्यभर हट्टी म्हणवून घेतल्यावर कोणी शहाणा म्हटले, आणि मी फुशारलो. लाल डब्यातली काडतुसे आता चार बोटे वर जातील, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

ड्वेन सांगणार होता. नोव्हेंबरात सणाच्या टर्कीच्या जेवणाला सगळे जमले तेव्हा त्याने तोंड उघडलेही होते. पण तेवढ्यात एमेट भिंतीवरच्या ताटलीकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हणाला, "लोक कानस मारतात आणि हत्याराची वाट लावतात. माझ्याला कोणी शिवलेलं नाही." ड्वेनने तोंड मिटले आणि भोपळ्याच्या गोडाचा आणखी एक तुकडा घेतला.

हिवाळाभर मी कपाटात होतो. एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या. एका दुपारी एमेट गावात गेला असताना कोल्ह्यासारखा एक कोयोट कळपात शिरला आणि त्याने एक कोकरू दाबून धरले. मेंढ्या राखणारा कुत्रा टिक पलीकडच्या चढावर जाऊन त्याची वाट अडवून भुंकत होता. लॉर्नाने मला घेतले, लाल डब्यातली काडतुसे भरली. तिने नेम कोयोटच्या खांद्यावर धरला. त्याच्या मागे टिक होता, हे तिला दिसत होते. दुसरे हत्यार असते तर ती थांबली असती. पण शंका घ्यायची नाही, असे तिला सांगितलेले होते.

गोळी कोयोटच्या पाठीवरून गेली आणि टिकच्या पुढच्या पायात घुसली.

टिक वाचला, पण डॉक्टरांना पाय काढावा लागला. लॉर्ना त्याला मांडीवर घेऊन हाताने भरवायची आणि म्हणायची, "माझाच हात हलला रे." एमेट तळघरात उतरला. त्याने डब्यातले एकेक काडतूस उघडून दारू पुन्हा तोलली. सगळी मापे बरोबर भरली, तेव्हा त्याला वाटले की आपले डोळेच काट्यावर खोटे वाचत आहेत. माझ्यावर संशय घ्यायचे त्याच्या मनातही आले नाही. दोघेही स्वतःला दोष देत होते आणि मी कपाटात गप्प पडून होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, असे म्हणायला सोपे आहे. ज्याला तोंड होते तो दर रविवारी जेवायला येत होता.

अशाच एका रविवारी एमेटने मला कपाटातून काढून तळघरातल्या टेबलावर ठेवले आणि ड्वेनला खाली बोलावले. "हे टेबल, काटा, सगळं तू घेऊन जा. माझ्या भरवशावर कुणी गोळी झाडू नये आता."

"एमेट, तुम्ही असं काही..."

"थांब. आधी तुझ्या डोळ्यांनी हे माप वाच."

ड्वेनने काट्यावर वाकून वाचले. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. "बरोबर आहे. तुम्ही लिहिलंय तेवढंच."

"सगळीच बरोबर?"

"सगळी."

एमेटने चष्मा काढला. "मग तिचाच हात हलला म्हणायचा."

लॉर्ना जिन्यावर कॉफीचे पेले घेऊन उभी होती. तिने मान डोलावली, जणू ते तिला ठाऊकच होते. ड्वेनने एकदा तिच्याकडे पाहिले. मग टेबलावरून मला उचलले, रिकामा असल्याची खात्री केली आणि एमेटचा अंगठा धरून माझ्या माशीवर ठेवला.

"इथं हात फिरवा. मी कानस मारलीय. तुम्ही शहरात होता तेव्हा. मला वाटलं, दुरुस्त करतोय."

एमेटचा अंगठा माशीवर दोनदा फिरला. "किती हात?"

"सात."

"आणि टर्कीच्या दिवशी तू माझ्यासमोर बसला होतास."

"हो."

"सात महिने झाले, ड्वेन. हाताला एक महिना."

लॉर्ना तिथेच पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. एमेट तिच्याजवळ गेला. "हात नव्हता हलला तुझा," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ड्वेन मान खाली घालून उभा होता. निघताना त्याने विचारले, "आता काय करायचं?"

"लोखंड परत उगवत नाही," एमेट म्हणाला. "टिकचा पायही नाही. हलक्या गोळ्या घेऊन ये शनिवारी. पहिल्यापासून सुरू करू. काटा तू वाचायचा."

हा दुसरा हिवाळा चालू आहे. जुनी ताटली भिंतीवरून उतरली आहे. नव्या ताटल्यांवरची भोके अजून बशीएवढी पसरतात, पण दर शनिवारी थोडी जवळ येतात. नव्या डब्यावर ड्वेनने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, 'माशी सात हात घासलेली आहे. ड्वेन.' तो डबा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतो, आणि तो तसाच दिसावा असे त्याचे म्हणणे आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे हत्यार कुठे दिसले तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि दुसऱ्याच्या वस्तूत काही फेरफार केलात, भल्यासाठी का असेना, तर त्याच दिवशी सांगून टाका. त्या दिवशी थोडे रागावणे ऐकावे लागेल, एवढेच.

लॉर्ना आता मला हातात घेते, नेमही धरते. पण कपाटाचे कुलूप वाजले की टिक चुलीजवळची ऊब सोडून उठतो आणि तीन पायांनी गोठ्यामागे जातो. मी परत कपाटात गेल्याशिवाय तो येत नाही. त्याला हाक मारायची नाही, असे घरात ठरले आहे.