टोपली नव्हे, कापड

महानंदा नांदेडच्या कस्टम कचेरीत शिरली तेव्हा तिचा राग फक्त सरकारवर होता. बाहेर पडली तेव्हा तो घरापर्यंत पोचला होता.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. शिरूर अनंतपाळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तर पडदे धुवायलाही पाणी उरलं नव्हतं. मळके पडदे ऑपरेशन झालेल्यांच्या जवळ नकोत म्हणून सरजाबाई सिस्टरनं ते उतरवले, आणि दुपारचं ऊन थेट खाटांवर येऊन पडायला लागलं. डोळ्याला बँडेज बांधलेल्या म्हाताऱ्या बाया तोंडावर पदर ओढून भिंतीकडं वळून पडायच्या. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनंच थांबवली. लांबलांबच्या गावांहून आलेल्या बाया तशाच परत गेल्या.

महानंदा आणि तिचा नवरा महादेवप्पा यांचं लातुरात पडद्यांचं दुकान होतं. दवाखान्यासाठी तिनं चीनहून खिडकीच्या शेडचा माल मागवला. प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या उभ्या-आडव्या विणून केलेला, ऊन अडवणारा, वारा येऊ देणारा, आणि कोरड्या फडक्यानं पुसला की लख्ख. दहा नमुने उन्हात धरून बघून तिनं सगळ्यांत बारीक विणीचा निवडला होता. रुंद पट्टीतून उन्हाचे कवडसे आत येतात, ते तिला चालणारे नव्हते.

आयातीचं काम महादेवप्पाच्या मावसभावाकडं, विरूपाक्षकडं होतं. कस्टमचा एजंट म्हणून त्याचं नाव होतं. पण माल नांदेडच्या गोदामात सीलबंद होऊन पडला तो पडलाच. विचारलं की विरूपाक्ष हसून सांगायचा, "वहिनी, साहेबलोक ठरवून राहिलेत, तुमचा माल कापड म्हणायचा का टोपली."

"टोपली? माझ्या पडद्याला टोपली काहून म्हणायलेत?"

"कायद्याची भाषा हाय ती. पट्टी पाच मिलिमीटरच्या आत असली की कापड. त्याहून रुंद असली की चटया-टोपल्यांच्या रांगेत जाते. तुम्ही डोकं शिणवू नका."

दोन महिने तिनं डोकं शिणवलं नाही. मग एक दिवस सरजाबाईंचा फोन आला की आजही तिघी परत गेल्या, त्यातली एक बिलोलीहून लेकाच्या खांद्याला धरून आली होती. महानंदानं दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि सकाळची एसटी धरली. विरूपाक्ष तिच्याआधीच कचेरीत बसलेला होता. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही कशाला आलात, वहिनी? आज निकालच लागतोय. आपल्या बाजूनं."

अधिकारी सोनकांबळे म्हणून होते, बिलोलीकडचेच. कमी बोलणारे. त्यांनी फाइल उघडली आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला विणीचा तुकडा टेबलावर ठेवला. वर महानंदाच्या दुकानाचं नाव होतं. "पट्टी रुंद आहे," ते म्हणाले, "म्हणजे हे कापड नाही. टोपलीकामात धरून माल सोडायला हरकत दिसत नाही. मॅडम, हा तुमचाच माल ना?"

महानंदानं तुकडा उचलला. पट्टी बोटाएवढी रुंद. तिनं तो खिडकीकडं धरला, तर पलीकडचं लिंबाचं झाड आरपार दिसलं.

विरूपाक्षनं घरच्या कन्नडमधून हळूच सांगितलं, हो म्हण आणि सही कर, आजच ट्रक लावतो. मग तिच्या कानाशी लागून मराठीत आला. "उदगीर जिल्हा व्हायलाय, वहिनी. कचेऱ्या, कोर्ट, बंगले, किती खिडक्या! एकदा हा माल असा सुटला, की पुढचा सगळा ह्याच वाटेनं जाईल. कापडाचा जास्तीचा कर कोण भरतंय?"

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. घोळ सरकारनं घातला नव्हता. तिचा माल म्हणजे विरूपाक्षची चाचणी होती. दवाखान्याच्या खिडक्या दोन महिने उघड्या पडल्या त्या ह्याच्या पुढच्या धंद्यासाठी. "हो" एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळी शेड शिरूरला पोचले असते, हेही तिला कळत होतं. तिनं तुकडा टेबलावर आपटला.

"हा माझा माल न्हाई, साहेब. माझी पट्टी बारीक हाय. हा तुकडा ह्यानं कुठून आणला त्यालाच इचारा."

विरूपाक्ष उठून उभा राहिला. "वहिनींना यातलं काही समजत नाही, साहेब. बाईमाणूस, घाबरलीय."

"घाबरले? बिलोलीची म्हातारी ऑपरेशनवाचून परत गेली, आन् तू मला टोपली टोपली म्हणून हसवून राहिलास!"

सोनकांबळे म्हणाले, "मॅडम, खरं बोललात, बरं झालं. तुमच्यासारखी माणसं..."

"माझी तारीफ नका करू. गोदाम ह्या रस्त्याच्या टोकाला हाय. एजंटनं दिलेल्या तुकड्यावर फाइल फिरवत बसलात. एकदा तरी पेटी उघडून बघावं वाटलं न्हाई तुमाला?"

साहेबांचे कान तापले. ते उठले, टोपी घातली आणि शिपायाला गोदामाच्या चाव्या आणायला सांगितलं. सगळ्यांसमोर सील तोडलं. गुंडाळीतली पट्टी मोजली, तर ती पाचाच्या बरीच आत होती. कापडच. साहेबांनी स्वतःच्या हातानं नवा नमुना कापला आणि महानंदाचा जबाब लिहून घेतला.

माल लगेच सुटला नाही. कापडाचा कर भरावा लागला, दंडही बसला, कारण कागदोपत्री मालक तीच होती. विरूपाक्षचा परवाना थांबवला. मग तो घरी आला, महानंदाच्या सासूला, शांतम्माला, पुढं घालून.

"घरातली भानगड सरकारात नेलीस," शांतम्मा म्हणाल्या. "माझ्या बहिणीचं लेकरू हाय ते. जबाब मागं घे."

महानंदा तोंड उघडणार, तेवढ्यात आतून महादेवप्पा आला. आईपुढं कधी मान वर न करणारा माणूस. त्यानं विरूपाक्षच्या चपला उचलून त्याच्यापुढं ठेवल्या.

"जबाब तिचा हाय, आन् खरा हाय. तू निघ आता."

शांतम्मा त्या दिवसापासून सुनेशी बोलल्या नाहीत. वाढलेलं ताट मात्र परतवलं नाही.

शेड लागले तेव्हा मोठं ऊन सरलं होतं. महानंदा स्वतः स्टुलावर चढून स्क्रू पिळत होती. खाली सरजाबाई नव्या पेशंटच्या डोळ्यात थेंब टाकत होत्या.

"झालं ना आता सगळं नीट? सोडा की राग," सरजाबाई म्हणाल्या.

"परत गेलेल्या किती जणी आल्या?"

सरजाबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "निम्म्या. बिलोलीची न्हाई आली. लेक म्हणाला, आता तिला उजेडच कळत न्हाई."

महानंदानं पुढचा स्क्रू इतक्या जोरात पिळला की भिंतीचा गिलावा खाली पडला.