मखमलदादांचं 'चालेल'

फर्निचरच्या त्या कारखान्यात मखमलदादांचं 'चालेल' हा शेवटचा शब्द. पॉलिश झालेल्या लाकडावर ते डोळे मिटून बोटं फिरवत, तेव्हा कुठे माल बाहेर जाई. डोळे फसवतात, बोटं नाहीत, हे ते बावीस वर्षं सांगत आले होते. समोरचा जांभई देईपर्यंत सांगत.

दोन महिन्यांत तीन टेबलं खरखरीत म्हणून परत आली. दादांनी आधी पॉलिशपेपरला दोष दिला, मग हवेला. शेवटी तिथेच रंधा मारणारा त्यांचा मेव्हणा म्हणाला, "दाजी, सकाळी चहाचा पेला चटके देत होता. तुम्ही तो धरून पाच मिनिटं माझं डोकं खात होतात. बोट बघा."

फोड आला होता. दादांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितलं तेव्हा दादा ऐटीत बसले. हे तर रोजचंच काम. बाईंनी पायाचा अंगठा धरून वर केला की खाली, एवढंच ओळखायचं होतं. दहापैकी सहा चुकले. कापसाचा बोळा बोटांना कळला नाही, चेहऱ्यावर मात्र नीट कळला.

"मुठीत जोर आहे की," दादा म्हणाले.

"जोराच्या नसा वेगळ्या. स्पर्शाच्या बिघडल्यात."

आठवड्याने रक्ताचा अहवाल आला. "अँटीबॉडी सापडल्या," बाई म्हणाल्या. "जंतूंना धरायला शरीर त्या बनवतं. तुमच्या त्या तुमच्याच नसांच्या पेशींवर उठल्यात."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," सोबत आलेला मेव्हणा म्हणाला.

"तसंच. त्या रक्तातून गाळून काढू, नव्या होऊ नयेत म्हणून औषध देऊ. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरलेल्या राखायच्या."

"आणि बोटं?"

"शब्द देत नाही."

सोमवारी दाखल व्हायचं होतं. शनिवारी दादा कामावर आले. तयार टेबलावर त्यांनी बोटं फिरवली, थांबले. मग वाकून गाल टेकवला, डोळे मिटले आणि सावकाश सरकत गेले.

"दाजी, टेबलाचे मुके? ताईला सांगू का?"

"डावा कोपरा, कडेपासून चार बोटं. परत घास."

मेव्हण्याने चाचपलं. मोहरीहून बारीक दाणा होता.

"दाढी मात्र आता रोज करा," पॉलिशपेपर उचलत तो म्हणाला.