फळीवरची भांडी

घाटकोपरच्या भटवाडीत सुगंधा शब्द देताना फार चिकट, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. कुणाची सून गुणाची, कुणाचा पोरगा वाया गेलेला, असल्या बाबतीत ती चटकन हो म्हणायची नाही. एकदा म्हटलं की मग ब्रह्मदेव आला तरी मागं घ्यायची नाही. म्हणून गुरुवारी चंद्रप्रकाश तिच्या उंबऱ्यावर बसून बशीतला चहा फुंकत जे मागत होता, ते लहानसहान नव्हतं.

चंद्रप्रकाश अंधेरीचा सिनेमावाला. गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला तेव्हा तो वही घेऊन आला होता आणि आठ दिवस याच उंबऱ्यावर बसला होता. सुगंधानं त्याला सगळं सांगितलं होतं. नवरा, दत्ताराम, संपात घरी बसल्यावर तिनं फळीवरचं एकेक भांडं कसं विकलं, आधी कुठलं, मागनं कुठलं. शेवटी एक लग्नातला हंडा तेवढा राखला होता. तोही एका दुपारी दत्तारामनं न विचारता नेऊन विकला, तेव्हा तिनं लाटणं त्याच्या पाठीवर मोडलं आणि तीन दिवस त्याला गॅलरीत निजवलं. चंद्रप्रकाशनं शब्दन् शब्द उतरून घेतला आणि हे सगळं येणार म्हणून सांगितलं. शूटिंगही तिच्याच खोलीत झालं. ती तेव्हा दिवसभर औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला असायची आणि दत्ताराम गावी गेलेला, त्यामुळे काय चाललंय ते दोघांनीही पाहिलं नव्हतं.

आता सिनेमा तयार होता. रविवारी सकाळी मुलुंडच्या एका हॉलमध्ये फिल्म सोसायटीचा खेळ होता. पेपरात परीक्षण लिहिणारे श्यामकांत येणार होते, आणि त्यांनी चांगलं लिहिलं तर थिएटर मिळण्याची आशा होती. सुरुवातीलाच पडद्यावर येणार होतं : सौ. सुगंधा यांची सत्यकथा.

"सुगंधाताई, खेळ संपल्यावर उभं राहून एवढंच म्हणा, जे घडलं तेच दाखवलंय."

सुगंधा म्हणाली, बघून म्हणेन. चंद्रप्रकाशनं तेवढ्यावर तिचे आभार मानून टाकले.

रविवारी सुगंधा धरून चाळीतल्या आठ बायका ठेवणीतली पातळं नेसून मुलुंडला गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. पुढं सगळी झोळीवाली मंडळी. पडद्यावर कुणी बोलत नसलं की ती माना डोलवायची, आणि पडद्यावर तर बराच वेळ कुणीच बोलत नव्हतं. सुगंधाला आपली खोली दिसली, आपला स्टोव्ह दिसला, तेव्हा बरंही वाटलं. मग कॅमेरा वर गेला आणि फळीवर थांबला.

फळी गच्च भरलेली होती. हंडे, कळशा, परात, तांबे, सगळं पितळ चिंचेनं घासल्यासारखं लखलखत होतं आणि कौलातून उन्हाची तिरीप नेमकी त्यावर पडत होती. पुढच्या रांगेतून कुणीतरी 'वा' म्हणालं. कॅमेरा आणखी जवळ गेला, इतका की भांड्यांवर टोचून घातलेली नावं वाचता यावीत.

"गो सुगंधा," शेजारची शेवंती कुजबुजली, "ती माझी कळशी न्हय गो? मामान दिलेली?"

होती. 'चि. सौ. कां. शेवंती हीस मामाकडून' असं ठळक दिसत होतं. मग रांगेतून एकेक नाव फुटायला लागलं. तो तांबा नलिनीच्या सासूचा, ती परात कमलची. संपात सगळ्या चाळीनं भांडी विकली ती नाक्यावरच्या एकाच जुन्या भांडीवाल्याला. सिनेमासाठी पितळ भाड्यानं आणलं तेही त्याच्याचकडून. मधोमध सुगंधाचा हंडा होता. तिनं आपलं नाव वाचलं, खालचं साल वाचलं, आणि हाताची मूठ वळली.

हंड्याखाली सुगंधा झालेली नटी बसून रडत होती. नवरा हंडा उचलून निघाला तरी ती रडतच होती, सतारीच्या सुरात, आवाज न करता. लाटणं कुठंच नव्हतं.

दिवे लागले. श्यामकांत उठले. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते माहीत होतं. म्हणाले, आशय काय, तो रस्त्यावर पडलेला असतो, कुणीही उचलावा. कलावंत ओळखायचा तो शैलीवरून. उपासमारीच्या घरातला पितळेचा तो उजेड आणि त्या स्त्रीचं मूक रडणं, दारिद्र्य इतकं देखणं आपण कधी पाहिलं नव्हतं. टाळ्या झाल्या. मग चंद्रप्रकाशनं सुगंधाला पुढं बोलावलं.

ती गेली. माइक तिनं हातानं बाजूला सारला.

"अकरा भांडी," ती म्हणाली. "मी मोजली. डोक्यावर अकरा पितळी भांडी ठेवून ती बाई उपाशी रडते. आमच्या चाळीत असल्या बाईला वेडी म्हणतात. आणि पाटीवर नाव माझं."

चंद्रप्रकाश हसत हसत मधे आला. रिकामी फळी पडद्यावर काही बोलत नाही ताई, फ्रेम मरते, असं काहीसं म्हणाला. आणि लाटण्याचा तो प्रसंग जरा लाऊड झाला असता.

"लाऊडच झाला होता. खालच्या मजल्यावर ऐकू गेला. अरे, आठ दिवस माझा चहा प्यायलास ना? भांडी होती तोवर मी रडले नाही, विकली आणि पोरांना घातलं. संपली तेव्हाही रडायला सवड नव्हती, कामाला जायचं होतं. ज्या भांड्यांनी आमच्या पोरांची पोटं भरली, तीच भाड्यानं आणून माझ्या फळीवर लावलीस, शोभेला. जे घडलं ते हे नव्हे. मी म्हणणार नाही."

चंद्रप्रकाशचा चेहरा पडला, पण श्यामकांतांचा खुलला. ते वहीत भराभर लिहीत होते. मान वर करून म्हणाले, "काय बोलता हो बाई तुम्ही. ही लय, हा रांगडेपणा. अस्सल."

सुगंधा दोन पावलं चालून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"मी काय म्हटलं?"

"तुमचा संताप..."

"संताप राहू दे. म्हटलं काय?"

श्यामकांतांनी वहीत पाहिलं. सुगंधानंही पाहिलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर उलटं असलं तरी लागायचं तिला. वहीत होतं : उत्स्फूर्त शैली, डोळ्यांत अंगार, पदर खोचलेला. भांड्यांचं नाव नव्हतं.

"पान उलटा," ती म्हणाली. "घ्या लिहून. फळी रिकामी होती. भांडी तिनं स्वतः विकली. ती रडली नाही, तिनं नवऱ्याला मारलं. सिनेमात दाखवलंय ते खोटं आहे, असं तिचं म्हणणं आहे."

पुढच्या रांगेतले लोक चुळबुळले. मागच्या रांगेतल्या सातही जणी उठून उभ्या राहिल्या होत्या. श्यामकांतांनी लिहिलं.

"आता वाचा."

त्यांनी घसा साफ केला. "फळी..." आणि थांबले. नजर लांब लावून खालच्या सुरात पुढं म्हणाले, "रिकामी... होती."

"असं नाही," सुगंधा म्हणाली. "सरळ वाचा."