रावजींच्या मळ्यातली हवा

२००२ सालच्या पावसाळ्यात सरकारला अचानक जाणून घ्यायचं होतं, की तापमान वाढवणारे वायू आपला देश किती सोडतो. जगापुढे अहवाल ठेवायचा होता. कारखान्याचा धूर निदान दिसतो तरी. भाताच्या चिखलातून वर येणारा मिथेन कुणाला दिसणार? म्हणून रत्नागिरीच्या उमैमाला सहा महिन्यांच्या करारावर नेमलं आणि तिच्या हातात एक बिनबुडाची प्लास्टिकची पेटी दिली.

काम सोपं होतं. पाण्यात उभ्या भातावर पेटी पालथी घालायची, सुरुवातीला एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा सिरिंजने आतली हवा ओढायची, बाटल्या एसटीने प्रयोगशाळेकडे धाडायच्या. तीन आठवडे तिने ते इमानाने केलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, वाढ शून्य.

"तुमचा चिखल ब्रह्मचारी आहे की काय?" प्रयोगशाळेचे साहेब फोनवर खेकसले. "अजून एक शून्य आलं तर घरी बसा."

घरी बसण्याचीच तर धास्ती होती. घरी अब्बा कुवेतचं स्थळ धरून बसले होते, आणि 'नोकरी आहे' या एकाच सबबीवर उमैमा तग धरून होती.

चौथ्या खेपेला पेटी घालून ती नेहमीप्रमाणे मळ्याचे मालक रावजी यांच्या घरी चहाला निघाली. पाहुणीला बांधावर तिष्ठत ठेवणं त्यांच्या सुनेला, मालनला, खपत नसे. अर्ध्या वाटेत उमैमाला आठवलं, घड्याळ बांधावरच राहिलं. मागे फिरून बघते तर काय, सत्तरीचे रावजी पेटी बाजूला ठेवून पावसासाठी डोक्यावर घेतलेल्या पानांच्या इरल्याने भाताला वारा घालत होते!

"रावजीबाबा! काय करताय हे?"

"भात पोटरीत आलाय, बाय. कोंडून ठेवलंस तर दाणा कसा भरंल? तू वळलीस का वायच उघडतो, यायच्या आधी ठेवतो परत."

"दर वेळी?"

"मग! माजा भात हाय तो."

उमैमाला त्यांचा गळाच धरावासा वाटला. अर्धा तास घसा फोडून समजावलं, तरी म्हातारा ढिम्म. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला विचारायचं! मालन नारळ घेऊन आली, रावजींनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, दिल्लीच्या सरकाराला आमच्या चिखलाची हवा बघायची हाय. ह्या पोरीला यश दे, भाताला इजा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालन ओरडली. नोकरीचा प्रश्न होता, उमैमाही ओरडली.

पेटी पूर्ण अर्धा तास बंद राहिली. आठवड्याने आकडा आला, चांगला सणसणीत. साहेब खूश झाले. "पहिल्या तीन वेळचे आकडे याच मापाचे टाका. करार वर्षभर वाढवतो."

उमैमाने दोन दिवस मापांचा कागद नुसता समोर ठेवला. रावजींनी निदान स्वतःचा भात जपला होता. हे साहेब काय जपत होते? तिसऱ्या दिवशी तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पहिली तीन मापं रद्द. भात गुदमरू नये म्हणून मालकाने पेटी उघडली.' खाली सही ठोकली आणि कागद धाडून दिला. साहेबांचा फोन आला तेव्हा शब्द बदलायला तिने सरळ नाही म्हटलं.

करार तिथेच संपला. पेटी परत करून ती घरी आली, तर अब्बा म्हणाले, "चला, आता कुवेतवाल्यांना कळवतो."

"नको अब्बा," उमैमा म्हणाली. "मला तो मुलगा पसंत नाही."

एवढं साधं वाक्य बोलायला तिला नोकरी लागत नव्हती, हे त्या दोघांनाही एकदमच कळलं.