उसनं नाक

नणंदेने लाल वाइनचा घोट गालांत घोळवला, डोळे मिटले आणि बेसिनमध्ये थुंकला.

"शाळेचं दप्तर," ती म्हणाली. "नवं नाही. परीक्षेच्या वेळचं."

वाइन बनवणाऱ्या भावजयीने वहीत लिहिलं: चामडं, पेन्सिल. पहिलं पिंप कमी करणे.

तीन महिन्यांपूर्वी भावजयीला ताप आला आणि जाताना तिचे सगळे वास घेऊन गेला. दूध करपलं तेव्हा ती शेजारीच बसून शांतपणे शब्दकोडं सोडवत होती. डॉक्टर म्हणाले, येतील, किंवा येणार नाहीत. नवऱ्याचं नाक धारदार होतं, पण ते फोटोपुरतं. त्याला प्रत्येक वाइन छान लागायची. आंबून व्हिनेगर झालेलीही लागली होती. मग दोन दिवसांसाठी राहायला आलेली त्याची थोरली बहीण कामाला लागली. ती शिवणकाम करायची. दारूला तिने कधी स्पर्श केला नव्हता, आणि आताही पीत नव्हती, नुसती थुंकत होती. शिलाई मशीन झाकून ठेवून, तीन महिने.

उद्या बाटल्या भरायच्या होत्या. वर्षाची सगळी मेहनत, तीनशे बाटल्या. तीन पिंपांतली वाइन एकदा एकत्र झाली की पुन्हा वेगळी करता येत नाही.

"वन्सं, आता दुसऱ्या पिंपातली शंभरात वीस घातलीय."

नणंदेने ग्लास नाकाशी धरला.

"दप्तर मागच्या बाकावर गेलं. मनुका पुढे आल्या. आणि कुणीतरी आत्ताच इस्त्री बंद केलीय."

"हे चांगलं की वाईट?"

"इस्त्री बंद केलेली कधीही चांगलीच."

"छान आहे," नवरा दारातून म्हणाला.

"तू अजून चाखलीही नाहीस."

"वेळ वाचवला, ताई."

भावजयीने सवयीने ग्लास हुंगला. काही नाही. मग शेजारून साबणाचा बारीक वास आला. तिने ग्लास पुन्हा हुंगला. पेन्सिल. मनुका. आणि गरम कापड. इस्त्री खरोखरच होती. पण वीस जरा जास्त होते. तिने स्वतः पंधराच घातले असते.

"तोंड का असं केलंस? बिघडली का?" नणंदेने विचारलं.

"नाही. वन्सं, तुमच्या हातांना साबणाचा वास येतोय."

नणंद स्टुलावर बसली. आपले हात तिने उलटसुलट करून पाहिले, जणू त्यांनीच काहीतरी केलं होतं.

"सुटले बाई," ती म्हणाली. "आता तुझं तू ठरव."

भावजय उद्याचं प्रमाण लिहायच्या फळ्याकडे गेली. खडू हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दुसऱ्या पिंपापुढे ठळक अक्षरांत लिहिलं: वीस.